जुन्या घराच्या भेगा: भिंत ओळखा, मगच चुना कालवा

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घरात देवळीच्या कोपऱ्यातून आढ्याकडे तिरकी गेलेली एक भेग होती. एका रविवारी मी घमेल्यात सिमेंट कालवलं आणि ती स्वतःच बुजवून टाकली. काम इतकं सफाईदार झालं की आल्यागेल्याला दाखवत होतो. पावसाळा गेला आणि दिवाळीच्या साफसफाईत बघतो तर सिमेंटचा पट्टा जसाच्या तसा, आणि त्याच्या शेजारी दोन बोटांवर नवी भेग. पट्टा नुसता हाताने ओढला तर अख्खा सुटून आला, येताना भिंतीची ओंजळभर माती घेऊन.

मेस्त्रीमामांना बोलावलं. त्यांनी एकदा भिंतीकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "सिमेंट घातलासा म्हणून भेग हटली न्हाई, नुसती सरकली बघा."

त्याचं कारण साधं आहे. आमची भिंत जांभ्याची, पण सांध्यात माती आणि वरून चुन्याचा गिलावा. अशी भिंत ऋतूप्रमाणे थोडी फुगते, थोडी आकसते, ओल पिते आणि सोडते. सिमेंट यातलं फारसं काही करत नाही. मऊ भिंतीत कडक ठिगळ बसवलं की हालचाल ठिगळाच्या कडेला जाते आणि तिथेच नवी फट पडते. म्हणून या लेखातली निम्मीअधिक कृती चुना आणि मातीची आहे. ठिगळ भिंतीपेक्षा थोडं मऊच असायला हवं, कधीतरी फुटायची वेळ आलीच तर ते फुटावं, भिंत नको.

तुमची भिंत कशाची आहे?

आपल्या भागात याचं एक उत्तर नाही. खानापूर, नंदगड, जांबोटीकडे आणि बेळगावच्या पश्चिमेला तांबडी माती आणि जांभा, म्हणून तिकडची जुनी घरं चिऱ्याची. बेळगावभोवतीच्या खेड्यांत मातीच्या जाड भिंती अजून उभ्या आहेत. निपाणी, चिकोडी, अथणीकडे काळा दगड आणि पायाखाली बऱ्याच ठिकाणी काळी माती. शिवाय बहुतेक घरं मिश्र असतात: पुढची सोप्याची बाजू आजोबांच्या काळातली मातीची, मागचं स्वयंपाकघर आणि बाथरूम नंतर जोडलेलं, विटा-सिमेंटचं. एकाच घरात दोन औषधं लागू शकतात.

ओळखायला भेगेजवळ, कपाटामागे कुठेतरी न दिसणाऱ्या जागी तळहाताएवढा गिलावा खरवडा. किल्लीने सहज ओरखडा उठतो आणि पांढरी पूड पडते, तो चुना. किल्ली घसरते, रंग राखाडी, तो सिमेंट. ओल्या बोटाने घासल्यावर बोट माखतं, ती माती. गिलाव्याच्या आतला सांधाही बघा. बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि आत मातीचा सांधा असं जोडकाम आपल्याकडे ठिकठिकाणी आहे, आणि ते सगळ्यात त्रासदायक. आत शिरलेली ओल सिमेंटमुळे बाहेर पडत नाही, वर चढते, लोणा फुटतो, पोपडे सुटतात.

भेग काय सांगते

बोटाच्या पेराने भिंतीवर ठोकत जा. भरीव आवाज आला तर गिलावा धरून आहे. पोकळ, बद्द आवाज आला तर गिलावा भिंतीपासून सुटलाय. पोकळ भागाच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारून ठेवा, तेवढा भाग काढावा लागणार.

मग भेगेचा आकार. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक केसभेगा एकाच खोलीभर असतील तर बहुधा गिलावा लवकर वाळला किंवा त्यात सिमेंट जास्त झालं. घराला धोका नाही. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग वजनाची किंवा पायाची. चौकटीवरची तुळई वाकली किंवा कुजली असेल तरी अशीच दिसते. जुनी आणि नवी भिंत मिळते तिथे खालपासून वरपर्यंत सरळ उभी भेग असेल तर दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्याच नाहीत. पूर्वी घर वाढवताना नवी भिंत जुनीला नुसती टेकवून उभी करायचे, दात काढून गुंफायचे नाहीत. कौलारू घरात वाशांच्या खाली आडवी भेग आली आणि भिंतीचा वरचा भाग बाहेर कललेला दिसला तर छप्पर भिंतीला ढकलतंय. स्लॅबच्या खाली तशीच आडवी भेग असेल तर उन्हात स्लॅब फुगतो आणि रात्री आकसतो, त्याची ती खूण.

एका भेगेकडे मात्र घाबरून बघावं. रुंदी ५ मिलिमीटरच्या पुढे, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारी, आणि तिच्याजवळ भिंत पोटातून बाहेर आलेली किंवा दार अडकायला लागलेलं. तिथे स्वतः काही करू नका. ओळंबा सोडून कल मोजा, त्या भिंतीवर वासे किंवा तुळया टेकत असतील तर खाली टेकू द्या, आणि जुन्या बांधकामाची माहिती असलेला इंजिनियर बोलवा. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आणि झडीत आपल्या जिल्ह्यात मातीच्या भिंती कशा बसल्या ते बघितलेल्या माणसाला यात अतिशयोक्ती वाटणार नाही. मातीची भिंत पाणी पिऊन बराच वेळ उभी राहते आणि मग एकदम बसते.

भेग जिवंत आहे का

ही पायरी सगळे टाळतात, मीही टाळली होती. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. मध्ये सर्वात रुंद जागी दोन्ही काठांवर एक-एक टिंब काढून त्यांच्यातलं अंतर पट्टीने मोजून भिंतीवरच लिहा. दुसरी जुनी युक्ती म्हणजे काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवायची. भेग हलली की काच तडकते. गिलावा पोकळ असेल तर तो काढून पट्टी आतल्या भिंतीला चिकटवा, नाहीतर काच फक्त गिलाव्याचीच हालचाल सांगेल.

किती दिवस बघायचं? निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा. अथणी, रायबाग, बैलहोंगलच्या काळ्या जमिनीवर तर हे अनिवार्यच. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात वावरात हात जाईल अशा भेगा पाडते. वर उभं असलेलं घरही तिच्याबरोबर वरखाली होतं. तिथली भेग मे महिन्यात उघडते आणि श्रावणात मिटते. मिटलेली बघून "गेली" म्हणून कुणी खूश होतो. अशी भेग कायमची बुजत नाही. पायाजवळच्या मातीतली ओल वर्षभर साधारण सारखी ठेवता आली तरच ती शांत राहते.

वर्षभर टिंबांमधलं अंतर हललं नाही तर भेग जुनी आणि मेलेली. बुजवा आणि विसरा.

आधी पाणी थांबवा

मेस्त्रीमामा भेगेला हात लावायच्या आधी घराभोवती एक फेरी मारतात आणि वर बघत चालतात. पहिली चूक बहुतेक वेळा छपरावर सापडते. सरकलेलं किंवा फुटलेलं मंगळुरी कौल, गंजून भोक पडलेलं पन्हाळ, आणि पागोळ्या थेट जोत्यावर पडून उखडलेली माती. दुसरी चूक खाली: न्हाणीचं सांडपाणी भिंतीच्या मुळाशी, किंवा रस्ता दरवेळी वरून नव्याने झाल्यामुळे घराच्या जोत्यापेक्षा उंच. शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत हे सर्रास आहे. पावसाचं पाणी घराकडेच वळतं.

जोत्याला लागून दोन-अडीच फूट रुंदीची, बाहेर उतार दिलेली फरशी किंवा मुरूम कुटलेली पट्टी करा. भिंतीत रुजलेलं पिंपळाचं रोप नुसतं उपटू नका, मुळं आत राहतात आणि पुन्हा फुटतात. भोवतीचे चिरे मोकळे करून मूळ काढा. भेगेच्या कडेने मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर वाळवी. वासे आणि चौकटी टोचून बघा. मातीच्या भिंतीत उंदीर-घुशीची बिळं असतील तर ती काचेचे तुकडे मिसळलेल्या मातीने ठासून भरायची, ही आजीची पद्धत, आणि अजून ती मागे पडलेली नाही.

एवढं झाल्यावर भिंत पूर्ण वाळू द्या. याला महिने लागतात. ओल्या भिंतीवर पुट्टी लावणं म्हणजे पुढच्या पावसात पोपडे गोळा करायची तयारी.

केव्हा करायचं

आपल्याकडे दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पाऊस गेलेला, भिंत वाळलेली, ऊन सौम्य. मार्च-एप्रिलमध्ये चुना हवेतून घट्ट व्हायच्या आत वाळतो आणि चिरतो, मग वळीव येऊन सगळंच अवघड करतो.

सामान

चुना दोन प्रकारे मिळतो. कळीचा चुना विझवून घ्यायचा असेल तर लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि कळ्या थोड्या थोड्या पाण्यात सोडा. उलटं कधीच नको. चुना उकळून उसळतो. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, मुलं लांब. डोळ्यात उडाला तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुऊन थेट डॉक्टरकडे. विझलेला चुना पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरू द्या, जास्त मुरला तर जास्त चांगला. एवढा खटाटोप नको असेल तर पोत्यातली फक्की, म्हणजे आधीच विझवलेल्या चुन्याची पूड, आणून पाण्यात किमान एक दिवस-रात्र भिजवून लोण्यासारखी करा. छोट्या दुरुस्तीला चालते. पण पोतं कोरडं आणि ताजं बघून घ्या. हवा लागलेली फक्की मेलेली असते. गावाकडच्या दुकानात नुसतं "चुना" म्हणून समजलं नाही तर कन्नडमध्ये "सुण्णा" म्हणा, वाळूला "उसुकु".

वाळू धुतलेली हवी. नदीची मिळेनाशी झाल्यापासून सगळीकडे एम सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, येते. तिच्यात भुकटी जास्त असते, म्हणून चाळून आणि एकदा धुऊन घ्या. सुरकी, म्हणजे विटांची पूड, चुन्याला लवकर आणि ओलीतही घट्ट करते. पण विटा मध्यम भाजलेल्या लाल घ्या, जळून काळ्या पडलेल्या नको, त्यांच्या पुडीत तो गुण राहत नाही. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत आहे. गुळाच्या प्रदेशात राहून हे बोलवत नाही, पण दोन हात लांबीच्या भेगेसाठी मी ते घालत नाही. प्रमाण चुकलं तर चुना घट्टच होत नाही.

अवजारं: थापी, छिन्नी, हातोडी, गिलावा सपाट करायचा लाकडी रंधा, दात घासायचा जुना ब्रश, पाण्याचा फवारा, आणि धूळ उडवायला सायकलचा पंप. भिंतीत वायरी असतील तर मेन स्विच बंद. छिन्नी वायरीला लागल्यावर कळतं, ते फार उशिरा.

चुन्याच्या भिंतीवरची भेग

आधी पोकळ गिलावा काढा, घट्ट भाग दिसेपर्यंत. काठ तिरके ठेवू नका, सरळ किंवा आतून किंचित रुंद कापा, म्हणजे नवा गिलावा खुंटीसारखा अडकून बसतो. भेग स्वतः साधारण बोटभर रुंद उघडा. सुटी माती ब्रशने काढा, मग पंपाने हवा मारा. या साफसफाईला मला अर्धा दिवस लागला आणि भरायला एक तास. प्रमाण असंच हवं.

आता भिजवा. जांभा पाणी खेचून घेतो, कोरड्या चिऱ्यावर चुना लावला तर चिरा त्याचं पाणी ओढून घेतो आणि गिलावा भुसभुशीत होतो. आदल्या संध्याकाळी एकदा आणि काम सुरू करायच्या आधी एकदा फवारा मारा. वरचं पाणी मुरलं, ओल राहिली पण चकाकी गेली, की सुरुवात करा.

भरणीला एक भाग चुना, एक भाग सुरकी, दोन भाग वाळू. सुरकी नसेल तर एक चुना, तीन वाळू. पाणी शक्य तितकं कमी. थापीवर उलटं धरलं तर पडू नये इतकं घट्ट. भेग खोल असेल तर आत जांभ्याच्या भिजवलेल्या कपच्या चुन्यात बुडवून ठासा. नुसत्या चुन्याने खोल फट भरली तर वाळताना आकसून पुन्हा रेघ दिसते. एका थराला ८ ते १० मिलिमीटरपेक्षा जास्त जाडी नको. थर नखाने दाबल्यावर खूण पडेल पण बोट आत जाणार नाही, तेव्हा त्यावर ओरखडे ओढा आणि दुसऱ्या दिवशी पुढचा थर. शेवटचा थर चाळलेल्या बारीक वाळूचा, एक चुना दोन वाळू, रंध्याने दाबून.

मग खरं काम: त्याला ओलं ठेवणं. ओलं गोणपाट लटकवा, दिवसातून दोन-तीनदा फवारा, निदान आठवडाभर. पंखा बंद. आमच्याकडे घरातल्यांनी तिसऱ्या दिवशी पंखा लावला आणि मधोमध केसभेग आली. मी काही बोललो नाही, तो भाग पुन्हा दाबून ओला ठेवला, बसला.

मातीची भिंत

इथे चुनासुद्धा थोडा जपून. मातीला मातीच. पण कोणती? काळी नको, ती वाळताना चिरते. तांबडी किंवा पांढरी माती, शक्य तर पडक्या भागातली त्याच भिंतीची. काचेच्या बरणीत माती आणि पाणी हलवून रात्रभर ठेवा. तळाशी वाळू, वर बारीक चिकण असे थर दिसतील. चिकण थर निम्म्याच्या वर गेला तर वाळू मिसळा. माती चाळा, भाताचा भुसा किंवा बोटभर कापलेला पेंढा घाला, थोडं शेण घाला, आणि चार-पाच दिवस ओली ठेवून रोज पायाने तुडवा. वास येतो, येऊ द्या.

भेग उघडून पाणी फक्त शिंपडा. मातीच्या भिंतीला पाण्याने भरून काढायचं नसतं. पातळ मातीचा हात द्या, मग घट्ट गोळे करून जोराने आत मारा, थापीने ठोका. खोल असेल तर दोन-तीन दिवसांच्या अंतराने थर. वरून शेण-मातीचा सारवणाचा हात.

टाके

गिलावाच नाही तर भिंतच फाटली असेल, पण हलायची थांबली असेल, तर नुसती भरून भागत नाही. दोन्ही बाजू गुंफाव्या लागतात. भेगेला आडवा, दोन्हीकडे दीड-दीड फूट जाणारा खाच कापून त्यात लांब सपाट दगड किंवा चिरे चुन्यात बसवायचे, म्हणजे भेगेवर टाका पडतो. मातीच्या भिंतीत त्याच जागी कच्च्या विटा. दर दीड-दोन फुटांवर एक टाका. एका वेळी एकच खाच कापा, तो भरून घट्ट झाल्यावर पुढचा. दगडाच्या भिंतीत सांध्यातून ६ मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची सळई घालतात. साधी सळई नको, गंजून फुगते आणि नवी भेग पाडते. टाक्याचं काम मात्र गवंड्याकडूनच करून घ्या, आणि वरच्या वाशांना टेकू दिल्याशिवाय सुरू करू देऊ नका.

सिमेंटची भिंत

मागच्या बाथरूमच्या विटा-सिमेंटच्या भिंतीला हे सगळं लागत नाही. केसभेगांना अॅक्रिलिक भेगपूरक आणि पुट्टी. स्लॅब-बीम आणि वीट मिळते त्या रेघेला, किंवा वायर-पाइपच्या खाचेवर, दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर गिलावा काढून कोंबडीजाळी खिळ्यांनी ताणून बसवा आणि एकास चार सिमेंट-वाळूने गिलावा करा, सात दिवस पाणी मारा. आणि जुन्या मातीच्या भिंतीला ही नवी भिंत मिळते ती उभी रेघ? ती बुजवायच्या नादी लागू नका. दोन्ही भिंती वेगळ्या हलणार. सरळ खाच ठेवा, त्यात मऊ सीलंट भरा आणि वरून लाकडी पट्टी एकाच बाजूला ठोका.

रंग

चुना किंवा मातीच्या भिंतीला ऑइल पेंट आणि प्लास्टिक पेंट नको, भिंतीचा श्वास कोंडतो. चुन्याची सफेदी फडक्यातून गाळून, दुधापेक्षा पातळ, तीन हात. पहिला हात लावल्यावर काहीच झालं नाही असं वाटतं, वाळल्यावर पांढरा फुलतो. अंगाला पांढरं लागू नये म्हणून थोडा डिंक घालतात.

आमच्या देवळीवरच्या भेगेचं काम होऊन दोन पावसाळे झाले. मेस्त्रीमामांनी सांगून तिच्या मधोमध वीतभर जागा रंगवायची सोडलीय. तिथे पेन्सिलीची दोन टिंबं आणि तारखा आहेत. पाहुणे विचारतात हे काय राहिलं म्हणून. येत्या मे महिन्यात पट्टी लावून पुन्हा मोजणार आहे.